पान उलटायच्या आधी

"हे वाक्य कुणासाठी लिहिलंयस?" अक्का विचारतात.

हुबळीचा मुलगा मान वर करतो. "वाचणाऱ्या मुलांसाठी."

"त्यांना डोळे आहेत ना? टँकर पिवळा आहे हे चित्रात दिसतंय. मग तू परत कशाला सांगतोस?"

अक्कांची पेन्सिल वाक्यावरून सरळ रेघ ओढत जाते. मुलगा काही बोलत नाही, पण त्याचे कान लाल होतात.

शनिवारची सकाळ, बंगळुरूचं कब्बन पार्क. बांबूच्या बेटांपलीकडे एका जुन्या रेन ट्रीच्या सावलीत दोन चादरी अंथरल्यात. एकीवर अक्का, दुसरीवर 'सर', आणि दोघांच्या भोवती आठ-नऊ तरुण मुलंमुली, त्यांच्या सॅक, पाण्याच्या बाटल्या, रंगांनी बरबटलेले डबे. जरा लांब हिरवळीवर बरीच माणसं आडवीतिडवी पसरून पुस्तकं वाचतायत, चकार शब्द न काढता. तो 'कब्बन रीड्स'चा मेळा. 2023 च्या सुरुवातीला इथे सुरू झाला आणि पुढे मुंबई, पुणे, दिल्ली करत पार परदेशात पोचला. दर शनिवारी माणसं येतात, वाचतात, उठून जातात. आमच्या चादरींवर नेमकं उलटं चाललंय. इथे एका पानाला वीस वीस मिनिटं लागतायत आणि प्रत्येकाला काहीतरी म्हणायचंय.

अक्कांना लहानमोठे सगळे अक्काच म्हणतात. मुलांच्या पुस्तकांचं संपादन करण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. सर चित्रकार, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतात आणि त्यावरच घर चालवतात, म्हणूनच बहुधा बोलायला जरा तिखट आहेत. या बैठकीला नाव नाही, फी नाही, शेवटी प्रमाणपत्रही मिळत नाही. ज्याच्याकडे डमी, म्हणजे पुस्तकाचा हाताने केलेला कच्चा नमुना, असेल त्याने आणावी. नसेल त्याने ऐकत बसावं. मी ऐकणाऱ्यांतली. बोलणं कन्नड, इंग्रजी आणि हिंदीची मिसळ आहे. मधूनच माझ्या बाजूला बसलेली बेळगावची मुलगी मराठीत काहीतरी पुटपुटते, तेवढंच काय ते मला पहिल्या झटक्यात कळतं.

चर्चा चाललीय ती डमी तिची आणि हुबळीच्या मुलाची. शब्द त्याचे, चित्रं तिची. ए-फोर कागदाचे चार ताव मधोमध दुमडून, बरोबर घडीवर दोन पिना मारून केलेलं सोळा पानांचं चोपडं. चित्रं पेन्सिलीतली, मजकूर कापून चिकटवलेला. सोळाच का, असं एक नवीन आलेला पोरगा विचारतो, तर सर त्याच्यापुढे एक कोरा कागद दुमडून धरतात. "मोज. एका कागदाची किती पानं झाली? चार. म्हणून पुस्तकाची पानं चारच्या पटीत. प्रेसमध्ये मोठा कागद छापून घड्या घालतात, त्याचा सोळा पानांचा फॉर्म होतो. म्हणून चित्रांची पुस्तकं सोळा, चोवीस, बत्तीस पानांची असतात. तुझी गोष्ट सतरा पानांची असेल तर ती सतरा पानांची नाही. एक तर सोळाची आहे नाही तर वीसची."

गोष्टीचं नाव 'रात्रीचा टँकर'. 2024 च्या उन्हाळ्यात या शहराच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शहरातल्या 13,900 बोअरवेलपैकी 6,900 आटल्याचं तेव्हा खुद्द उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. ही दोघं त्या वेळी एकाच गल्लीतल्या दोन पीजींत राहत होती आणि रात्री अकराला टँकर आला की बादल्या घेऊन एकाच रांगेत उभी राहत होती. ओळख तिथली. गोष्टीत एक सहा-सात वर्षांची पोर आहे. टँकर येतो तेव्हा आजी घोरतेय, आई कामावरून आलेली नाही, आणि पोरीला एकटीनेच बादली घेऊन चार जिने उतरायचेत.

गोष्ट चांगली आहे. पण मजकूर आहे चारशे बारा शब्दांचा. अक्कांनी मोजून वरच्या कोपऱ्यात आकडा लिहिलाय आणि त्याभोवती गोल केलाय.

पान पाच. "रात्र काळीकुट्ट होती." रेघ. पान सहा. "ती खूप घाबरली होती." अक्का चित्रावर बोट ठेवतात. जिन्याच्या कठड्याला पोरीने अशी मिठी मारलीय की बादली कोपरात अडकून लोंबतेय. "ही घाबरलीय हे सांगायला तुझी गरज उरलीय का?"

"पण अक्का, मग मी काय लिहायचं?"

"जे चित्राला येत नाही ते. आवाज लिही. वास लिही. तिच्या मनात काय चाललंय ते लिही. आजीच्या घोरण्याचं चित्र काढता येतं का? बघू, काढ म्हणावं हिला."

बेळगावची मुलगी हसते. "येतंय की," ती माझ्या कानाशी म्हणते, "पण सांगत नाही."

तिचंही सगळं सुखाचं नाही. आठ-नऊ या जोडपानावर तिने जीव ओतलाय. सबंध जोडपान भरून टँकर, त्याच्यापुढे इवलीशी पोर, वर अपार्टमेंटच्या खिडक्यांचे चौकोन. सर डमी हातात घेतात, नीट उघडतात आणि पुस्तक जसं उघडतं तशी अर्धवट मिटवून तिच्यासमोर धरतात. पोरीचा चेहरा गायब. नाक बरोबर मधल्या शिवणीत गेलंय, एक डोळा डावीकडे, एक उजवीकडे.

"स्क्रीनवर शिवण नसते," सर म्हणतात. "तुम्ही सगळे टॅबवर काढता, म्हणून हे होतं. कागद दुमडून काढा. चेहरा, हात, अक्षर, काहीही मधोमध ठेवायचं नाही. आणि कडेला तीन मिलिमीटर रंग जास्तीचा सोडायचा. कटिंग मशीन तुमच्या कलेकडे बघून कापत नाही."

ती मुलगी लगेच खोडायला घेते. सर तिचा हात धरतात. "थांब. आधी सगळं ऐकून घे. एक दुरुस्त करायला जाशील, चार बिघडतील."

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. लिहित्या-चितारत्या मुलांचं कौतुक करायला माणसं पुष्कळ असतात. आपण मराठी माणसं तर त्यात वाकबगार. स्पर्धा, परीक्षक, प्रमुख पाहुणे, ढाल, आणि 'असंच लिहीत राहा' असा आशीर्वाद. लिहीत राहा म्हणजे कसं, हे कुणी सांगत नाही, कारण ते सांगायला पोराशेजारी मांडी घालून बसावं लागतं आणि त्याचं पान न् पान वाचावं लागतं. श्री. पु. भागवत 'सत्यकथा' मासिकाचे संपादक असताना नवख्या लेखकांनाही तपशीलवार पत्रं लिहून कथेतलं काय कुठे खटकतंय ते कळवत. त्या पत्रांच्या कथा आपण अजून सांगतो. तसं काम पुढे किती जणांनी अंगावर घेतलं, हा प्रश्न आपण सहसा टाळतो.

एवढ्यात बागेचा गार्ड शिट्टी फुंकत येतो. काय प्रोग्राम आहे, परवानगी घेतलीय का? अक्का त्याला कन्नडमध्ये काहीतरी सुनावतात, मग डमीच त्याच्या हातात देतात. तो उभ्या उभ्या दोन पानं उलटतो. टँकरचं चित्र बघून म्हणतो, "आमच्याकडे पहाटे तीनला यायचा." परवानगीचा विषय तिथेच संपतो.

आता खरी परीक्षा. वाचनाच्या मेळ्यात आलेली एक बाई आपल्या मुलीला घेऊन मघापासून इकडेच रेंगाळतेय. मुलगी सहाएक वर्षांची, दात पडलेली, हातात मक्याचं कणीस. अक्का तिला बोलावतात. "गोष्ट ऐकणार?" तिला ऐकायची आहेच. हुबळीचा मुलगा डमी घेऊन तिच्याशेजारी बसतो, घसा साफ करतो आणि कन्नडमधून वाचायला लागतो.

पहिल्या पानावर तीन ओळी आहेत. तो दुसऱ्या ओळीवर असतानाच मुलगी पान उलटते.

तो तिचा हात धरायला जातो. "अडवू नकोस," अक्का हळूच सांगतात.

तो घाईघाईने पुढचं वाचतो. ती पुन्हा उलटते. चौथ्या पानावर मात्र थांबते, कारण तिथे आजीच्या पोटावर मांजर झोपलंय आणि मजकुरात त्याचं नावही नाही. मुलगी मांजर बघते, बोट लावते, हसते. मुलाची वाक्यं केव्हाच संपलीत, तो नुसता बसून आहे. सहाव्या पानावर तिला तीन ओळी जास्त होतात, सातव्यावर चार. अक्का शेजारच्या कागदावर काहीतरी टिपतायत. मी डोकावून बघते. पान क्रमांक, आणि मुलीने कितव्या शब्दाला पान उलटलं ते. संपादनाची इतकी साधी रीत मी याआधी कुठे पाहिली नव्हती.

मग सातव्या पानावर ती एकदम विचारते, "हिची एक चप्पल कुठे गेली?"

सगळे पुढे वाकतात. पान सहावर जिन्यात पोरीच्या दोन्ही पायांत चपला आहेत. पान सातवर, तळमजल्याला, एकच पाय बादलीआडून दिसतो, आणि तो अनवाणी आहे. पुढे आठ-नऊवर दोन्ही चपला परत हजर.

बेळगावच्या मुलीचा चेहरा पडतो. "बादली नंतर काढली नव्हं... विसरलंच की चपलेचं." ती रबर शोधायला लागते.

"खोडू नकोस!" हुबळीचा मुलगा जवळजवळ ओरडतोच. "जिन्यात पडली ती. धावताना पडली. हेच तर पाहिजे होतं!" आणि तो वहीत भराभर लिहायला लागतो. 'धावता धावता तिची एक चप्पल जिन्यात निसटली, पण तिला...'

आता सरच त्याच्या हातातलं पेन काढून घेतात. "शब्दात आणलंस की मेली. हे हिच्याकडे राहू दे. पान सातवर एक चप्पल. आठ-नऊवर एक चप्पल. बारावर पाणी भरून वर जाताना मांजर ती चप्पल घेऊन जिन्यात बसलेलं. मजकुरात चपलेचा च नको. ज्याला दिसेल त्याला दिसेल."

"आणि ज्याला नाही दिसली?"

सर कणीस खाणाऱ्या मुलीकडे बोट करतात. "तिला दिसली."

मुलगी आईकडे पळून जाते. शेवटच्या पानावरचं तात्पर्य तिने ऐकलंच नाही. पाण्याचा प्रत्येक थेंब कसा मोलाचा, यावर चार ओळी आहेत. अक्का त्या चार ओळींवरून एकच लांब रेघ मारतात, आणि या खेपेला मुलगा हूं की चूं करत नाही.

आणखी दोन डम्या होतात. एक मुलगी मूकपट काढावा तशी बिनशब्दांची गोष्ट घेऊन आलीय. ती उत्तम आहे, सगळे पटकन मान डोलावतात आणि पुढे जातात. एका मुलाने माकडाची गोष्ट आणलीय, त्यात माकड शेवटी शाळेत जातं. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

अकराच्या सुमाराला आभाळ भरून येतं. बंगळुरूचा पाऊस फारसं सांगून येत नाही. चादरी गुंडाळायच्या आत थेंब पडायला लागतात, डम्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जातात, माणसं डोक्यावर सॅक घेऊन एम. जी. रोडच्या दिशेने निघतात. लाल रंगाची ती देखणी इमारत, शेषाद्री अय्यर यांच्या स्मरणार्थ बांधलेली, जिच्यात राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, पावसात आणखी लाल दिसतेय. वाटेत सर बेळगावच्या मुलीला सांगतायत की ट्रिनिटी सर्कलच्या अलीकडे व्यंगचित्रांची गॅलरी आहे, तिथे जाऊन ये. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कार्टूनिस्ट्स या संस्थेची ही गॅलरी 2007 पासून तिथे आहे. "छापलेली चित्रं तू हजारो बघितलीस. मूळ चित्र बघ. कुठे पांढरा लावलाय, कुठे पेन्सिल तशीच राहिलीय, कुठे कागद चिकटवून डोकं बदललंय. मोठ्या माणसांनी काय खोडलं ते बघितलं की आपलं खोडताना लाज वाटत नाही."

चर्च स्ट्रीटवरचं इंडियन कॉफी हाउस. पांढरे कपडे, डोक्याला पगडी असे वाढपी, गुळगुळीत टेबलं, आणि ओल्या माणसांचा वास. दोन टेबलं जोडून आम्ही बसतो. या रस्त्यावर ब्लॉसम आहे, बुकवर्म आहे, आणि शानभागांचं प्रीमियर बुकशॉपही इथेच कोपऱ्यावर होतं, 2009 मध्ये बंद होईपर्यंत. पुस्तक काढायची स्वप्नं बघायला शहरात याहून चांगली जागा नाही. पण सर इथे आले की स्वप्नांचं बोलत नाहीत. पैशांचं बोलतात.

माकडवाल्या मुलाला एका प्रकाशकाने करारपत्र पाठवलंय, वेगळ्या पुस्तकाच्या चित्रांसाठी. तो फोनवर ते सरांना दाखवतो. सर चष्मा कपाळावर चढवून वाचतात. 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे.' खाली रक्कम. रक्कम मोठ्याने वाचून दाखवल्यावर टेबलावर क्षणभर कुणी कॉफीला हात लावत नाही.

"आपला कॉपीराइटचा कायदा 1957 चा," सर म्हणतात. "त्यातलं एकोणिसावं कलम प्रत्येकाने वाचावं, अर्ध्या तासाचं काम आहे. हक्क देताना किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या मुलखासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणजे गप्प राहिलेला करार चित्रकाराच्या बाजूचा असतो. पण हा करार गप्प नाही. यात 'कायमचे' आणि 'जगभर' स्पष्ट लिहिलंय. त्या दोन शब्दांवर रेघ मारून परत पाठव, किंवा त्या दोन शब्दांचे पैसे माग."

"मग काम दुसऱ्याला देतील."

"देतील," सर म्हणतात. त्यावर त्यांच्याकडे उत्तर नाही आणि ते असल्याचा आवही आणत नाहीत. थोड्या वेळाने एवढंच म्हणतात, "नाव मात्र सोडू नकोस. हक्क विकले तरी चित्र तुझं आहे असं म्हणण्याचा अधिकार कायद्याने तुझ्याकडेच राहतो. कलम सत्तावन्न. कव्हरवर नाव माग. आतल्या पानावर, तळाला, मुंगीच्या अक्षरात नको."

बेळगावची मुलगी गुपचूप आपली डमी पिशवीतून काढते. कव्हरवर तिनेच सुंदर अक्षरात नाव घातलंय, फक्त मुलाचं. तो बघतो आणि ओशाळतो. अक्का तिच्यापुढे पेन सरकवतात. ती लिहिते, त्याच्या नावाच्या खाली, जरा लहान. "तेवढंच मोठं," अक्का म्हणतात.

मग बेळगावच्या मुलीचा लाडका विषय निघतो. तिला हे पुस्तक लगेच स्टोरीवीव्हरवर टाकायचंय. टेबलावरच्या सगळ्यांना ते ठाऊक आहे, कारण ते या शहरातलंच. प्रथम बुक्स ही विनानफा संस्था 2004 मध्ये इथे सुरू झाली, मुलांना त्यांच्या भाषेत आणि परवडेल अशा किमतीत पुस्तकं मिळावीत म्हणून. 8 सप्टेंबर 2015 ला, साक्षरता दिनी, तिने स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ उघडलं. सुरुवात 24 भाषांतल्या 800 गोष्टींनी झाली, आज भाषाच तीनशेच्या वर आहेत. तिथल्या गोष्टी कुणीही फुकट वाचाव्यात, उतरवून घ्याव्यात, छापाव्यात, आपल्या भाषेत न्याव्यात. आणि कुणीही आपली गोष्ट तिथे स्वतः चढवावी. तिथे वाचनाच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत अडीचशे शब्दांपर्यंत, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत, त्यापुढे चौथी.

"कन्नडात हा टाकतोय, मराठीत मी टाकते," ती म्हणते. "माझी भाची निपाणीत पुढच्या मिनिटाला वाचेल बघा, मावशी. अजून काय पाहिजे?"

हुबळीच्या मुलाला कागदाचं पुस्तक पाहिजे. त्याच्या वडिलांना फोनवर दाखवलेलं पुस्तक पुस्तक वाटणार नाही. त्यात आणखी एक गाठ आहे. स्टोरीवीव्हरच्या खुल्या परवान्यावर चित्र चढवलं की ते कुणीही घेऊ शकतं, बदलू शकतं, विकूही शकतं, फक्त नाव द्यायचं. सर म्हणतात, संस्था आधी चित्रकाराला मानधन देते आणि मग चित्र जगाला मोकळं करते, तो व्यवहार चोख आहे. पण तू स्वतः चढवलंस तर मानधन देणारं कुणी नाही, हे समजून चढव. तिला समजलंय. तिला चालणार आहे. "पहिलंच आहे सर, वाचू दे की लोकांना."

मला दोघांचंही पटतं. पण खरी अडचण मला वेगळीच दिसते. चढवायचं बटण आता सगळ्यांकडे आहे, पण अक्कांची पेन्सिल नाही. चारशे बारा शब्दांची, तात्पर्यासकटची, चपलेशिवायची गोष्ट काल रात्रीच चढवता आली असती, कुणी अडवलं नसतं. छापून येणं सोपं झालंय, आणि त्यामुळे छापायच्या आधीची ही दोन-तीन तासांची झटापट अधिकच दुर्मीळ झालीय. या झटापटीला पगार कोण देणार? आज तर अक्का आपल्या खर्चाने ऑटो करून येतात.

मी हे बोलून दाखवते तेव्हा अक्का हात झटकतात. त्यांचे वडील इथल्या सेंट्रल कॉलेजात शिकले. तिथे जी. पी. राजरत्नम कन्नड शिकवत, तेच ते मुलांच्या कवितांनी कर्नाटकातल्या घराघरांत पोचलेले. कॉलेजच्या कर्नाटक संघातर्फे ते विद्यार्थ्यांना लिहायला लावत, स्पर्धा घेत आणि त्यांचं लेखन छापून आणत. "वडील कवी झाले नाहीत," अक्का म्हणतात, "बँकेत लागले. पण जन्मभर प्रत्येक पत्र दोनदा लिहायचे." या शहरात ही परंपरा वेगवेगळ्या रूपांत टिकून आहे. 2004 मध्ये एका आईवडिलांनी आपल्या तरुण मुलाच्या आठवणीत 'टोटो फंड्स द आर्ट्स' काढलं, ते अजून तिशीच्या आतल्या लेखकांना, छायाचित्रकारांना, संगीतकारांना दरवर्षी पुरस्कार देतं, त्यात कन्नडमध्ये लिहिणारेही असतात. मराठीसाठी या शहरात काय आहे, असं बेळगावची मुलगी मला विचारते. गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे, मी सांगते, तिथे विचारून बघ, शनिवारी दोन तास एक खोली देतील का. ती लगेच फोनमध्ये नोंद करते. मी नुसती सुचवून मोकळी होणार होते. तिने मलाच सोबत यायला लावलंय.

आपल्याकडे या कामाला जागा नव्हती असं नाही. वा. गो. आपट्यांनी 1906 मध्ये मुलांसाठी 'आनंद' मासिक काढलं, 1971 पासून बालभारतीचं 'किशोर' आहे, आणि माधुरी पुरंदरे शब्द आणि चित्रं दोन्ही एकटीने सांभाळतात तेव्हा पुस्तक किती उंच जातं हे 'राधाचं घर' हातात घेतलेल्या कुणालाही ठाऊक आहे. त्यांना 2016 चा पहिला बिग लिटिल बुक पुरस्कार मिळाला तो मराठीसाठीच. पण या मुलीने ती पुस्तकं पहिल्यांदा बघितली ती बंगळुरूला शिकायला आल्यावर, मैत्रिणीच्या कपाटात. बेळगावात लहानपणी तिच्यापर्यंत ती पोचलीच नव्हती. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही, डोशाचा तुकडा मोडता मोडता सांगते.

बाहेर पाऊस थांबलाय. अक्का पर्स आवरायला लागतात. डमी हुबळीच्या मुलाच्या हातात देतात. रेघा मारून झाल्यावर आता त्यात दोनशे तीन शब्द उरलेत.

"पुढच्या शनिवारी नवीन डमी. एकशे वीस शब्द."

"एकशे वीस? अक्का, पहिल्या पायरीला अडीचशे चालतात!"

"चालतात. तुझ्या गोष्टीला नाही चालत. ती पोर पान उलटून गेली, बघितलंस ना?"

"एकशे साठ."

"एकशे तीस. त्यात आजी येते, जिना येतो, सगळं येतं."

"आणि टँकरचा हॉर्न? तो शब्दच आहे."

अक्का विचार करतात. सर बिलाचे पैसे गोळा करतायत, बेळगावच्या मुलीकडे वीस रुपये कमी पडतायत, माकडवाला ते भरतो.

"हॉर्न मोजणार नाही," अक्का म्हणतात.

"मग मी तो पानभर वाजवतो."

"पानभर वाजवलास तर ही टँकर कुठे काढणार?"

"शिवणीत!" बेळगावची मुलगी म्हणते, आणि सर सुट्टे पैसे मोजता मोजता तिच्याकडे डोळे वटारून बघतात.